नाचणारा 'अहो', बघणारा 'अहो' : तोकुशिमाच्या रस्त्यावरची एक रात्र

चिंचगूळ

राम राम मंडळी. बरेच दिवस लिहायचं राहिलं होतं.

२०२४ च्या ऑगस्टात आईबाबा कराडहून माझ्याकडे कोबेला आले. जपानात ऑगस्टात येऊ नका, असं मी येईल-जाईल त्याला सांगत असते आणि स्वतःच्या आईबापाला नेमकं तेव्हाच बोलावलं. पस्तीस अंश, आणि हवेत पाणी एवढं की टॉवेल वाळता वाळत नाही. "हे तर आपल्या चिपळूणपेक्षा वाईट," इति बाबा, पहिल्याच दिवशी.

त्यात ८ तारखेला क्यूशूच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि पाठोपाठ सरकारने सूचना काढली, की नानकाई पट्ट्यात (जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळचा समुद्रतळाचा भाग) मोठा भूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे. आमचा बेत होता १३ तारखेला तोकुशिमाला अवा ओदोरी हा नाच बघायला जायचा, म्हणजे नेमकं त्याच पट्ट्यात. आई म्हणाली, घरीच बसू. बाबा म्हणाले, घर काय पट्ट्याबाहेर आहे? गेलो. (सूचना मागे घेतली १५ ला. म्हणजे जवळजवळ अख्खा उत्सव तिच्या छायेतच झाला.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अवा हे शिकोकू बेटावरच्या आजच्या तोकुशिमाचं जुनं नाव, ओदोरी म्हणजे नाच. १२ ते १५ ऑगस्ट, ओबोनच्या दिवसांत, म्हणजे पितर घरी येतात त्या दिवसांत, हे जेमतेम अडीच लाख वस्तीचं शहर रस्त्यावर उतरतं. एकेका नाचपथकाला 'रेन' म्हणतात. गाव आपलं चारशे वर्षांचं सांगतं, हाचिसुका नावाच्या सरदाराने किल्ला बांधून झाल्यावर लोकांना नाचायला मोकळीक दिली वगैरे. ती दंतकथा समजा. पुढे त्याच घराण्याच्या राज्यात सामुराईंना या नाचात उतरायला बंदी होती, आणि १८४१ मध्ये हाचिसुका आडनावाचाच एक बडा अधिकारी लोकांत मिसळून नाचला म्हणून त्याला कोंडून ठेवलं होतं. मला हा माणूस किल्ल्यापेक्षा जास्त आवडतो.

कोबेतल्या सान्नोमियाहून बसने दोन तास. आधी आकाशीचा पूल, मग आवाजी बेट, मग नारुतोचा पूल, ज्याच्या खाली समुद्रात भोवरे पडतात. आईने डोळे मिटून रामरक्षा म्हटली, त्यामुळे भोवरे फक्त बाबांनी बघितले. स्टेशनासमोर ताडासारखी उंच झाडं आणि मागे बिझान डोंगर. बिझान म्हणजे भुवईचा डोंगर, कुठूनही बघा, भुवईच दिसते.

श्रावण असल्यामुळे खाण्याची पंचाईत ठरलेलीच. तिथला प्रसिद्ध रामेन म्हणजे डुकराचं मांस आणि वर कच्चं अंडं, तो आम्ही लांबूनच पाहिला. दशम्या, मेतकूट आणि कोनबिनीतले (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातले) उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेले भाताचे गोळे यावर दिवस काढला. रस्त्यावर बर्फात गाडलेल्या रामुनेच्या बाटल्या दिसल्या आणि बाबा थबकलेच. "अगं, हा गोटी सोडा!" तीच गळ्यात चिमटा काढलेली बाटली, तीच काचेची गोटी. बाबांनी अंगठ्याने गोटी दाबायला घेतली, दुकानातला मुलगा घाबरून प्लास्टिकचं टोपण पुढे करतोय, तोवर टॉक. मुलाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आइबाहामाच्या तिकीटवाल्या मंचाशी बसलो. मंच म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगाला चढत गेलेल्या पायऱ्या, मधून रेन जातात. आइ म्हणजे नीळ, त्या जागेच्या नावातच ती आहे. या मुलखात योशिनो नदीच्या गाळावर नीळ पिकायची आणि त्या व्यापाऱ्यांच्या पैशावर हा नाच पोसला गेला. सुरुवातीला ध्वनिक्षेपकावर भूकंप झाला तर काय करायचं ते शांतपणे सांगितलं, आणि दुसऱ्या मिनिटाला ढोल.

आधी उंच काठ्यांवरचे कंदील येतात, रेनचं नाव लिहिलेले. मग बायका. डोक्यावर मधोमध दुमडलेली गवती टोपी, इतकी पुढे झुकलेली की फक्त ओठ आणि हनुवटी दिसते. हात दोन्ही वर, आणि ते खाली येतच नाहीत. मी एकीच्या पायांकडेच बघत राहिले. गेता म्हणजे लाकडी खडावा, त्यांना खाली दोन दांडे असतात, या पुढच्या एकाच दांड्यावर चालतात, टाच मागे अधांतरी. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पट्टा रुतून कातडी पांढरी पडलेली, आणि वर ओठ मात्र हसरे. पन्नास जणींचे पुढचे दांडे डांबरावर एकदम आपटतात, कट्, कट्. आई म्हणाली, "आज मंगळवार. घरी असते तर सुलूकडे मंगळागौर जागवायला गेले असते." मग थोड्या वेळाने, "यांचे गुडघे कुणी बघतं का गं?"

पुरुष वेगळे. गुडघे फाकवून इतके खाली वाकतात की मांड्या जमिनीला समांतर, आणि तसंच वाकून पुढे सरकतात. हातात पंखा, कमरेला छोटी डबी. विदूषकी करतात, मान वळवून प्रेक्षकांकडे डोळे वटारतात. सगळ्यांत मागे वाजवणारे: शामिसेन (तीन तारांचं वाद्य), बासरी, छोटे-मोठे ढोल. आणि या सगळ्यांना हाकणारा असतो 'काने'वाला. काने म्हणजे तळहाताएवढी पितळी थाळी. एक म्हातारबाबा डाव्या हातात ती धरून ठणठण वाजवत होते. त्यांनी लय जराशी ओढली की पुढचे शंभर पाय ओढले जायचे. एकदाही मागे वळून कुणी बघितलं नाही.

आता मूळ मुद्दा. या नाचाचं एक जुनं पालुपद आहे. त्याचा अर्थ असा: नाचणारे वेडे, बघणारेही वेडे, दोघं वेडेच तर न नाचण्यात तोटा कुणाचा? आणि यात 'वेडा' या अर्थी जो शब्द आहे तो आहे... अहो. शप्पथ. 'ओदोरु अहो नि मिरु अहो.'

मंचावरून बाहेर पडलो तेव्हा बाबा गायब. साडेआठ वाजलेले, रस्ता नाकापर्यंत भरलेला, बाबांचा फोन माझ्याच पिशवीत. आईने चाळीस वर्षांच्या सवयीने हाक मारली. "अहो! अहोऽऽ! अहो, कुठे आहात?"

पुढचे चार-पाच जण वळून बघायला लागले. शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एक आजी पंखा तोंडाशी धरून हसायला लागल्या. मी घाईघाईने समजावलं, की आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते, हा आदर आहे. आजींनी विचारलं, "रोज?" म्हटलं, रोज. त्यांनी बोट दाखवलं. "तो तुमचा अहो का?"

होता. निवाका-रेनमध्ये. म्हणजे ज्यांचं पथक नाही, पोशाख नाही, त्यांनी आयत्या वेळी जमायचं, पाच मिनिटं शिकायचं आणि खऱ्या पथकांसारखं मंचावर जायचं, फुकट. शिकवणारा एवढंच सांगतो: हात वर करा, पाय टाका, झाली अवा ओदोरी. बाबांचं मात्र होत नव्हतं. या नाचात उजवा पाय पुढे तेव्हा उजवाच हात पुढे. बाबांनी शाळेत लेझीम आणि कवायत केलेली, उजव्या पायाबरोबर डावा हात हे हाडात मुरलेलं. चार पावलं बरोबर, पाचव्याला कवायत. पुढचा फिनिश का कुठलासा गोरा पोरगाही तसाच चुकत होता, त्यामुळे दोघं एकमेकांना धडकत होते. तसेच ते अख्ख्या मंचावरून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खऱ्या पथकांना वाजवतात तशाच.

आई म्हणाली, "शोभतं का या वयात?" आणि तिच्या पर्समधल्या रुमालाने त्यांचा घाम पुसला. आजींनी दोघांना एकेक खारट गोळी दिली, ऊन बाधू नये म्हणून असते ती.

रात्री ताकामात्सुला मुक्काम, कारण तोकुशिमात खोली मिळणं फेब्रुवारीतच संपतं. फोटो हळूहळू टाकते.

---

पावशेर

ऑफिसात 'तो तुमचा अहो का' वाचून फुटलो, आता सगळे माझ्याकडे बघतायत. आमच्या हिने वाचलं तर माझं काही खरं नाही.

फोटोंशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय पिठलं. लवकर टाका.

---

मधली_आळी

मस्त लिहिलंय. एक शंका. हे रेन म्हणजे आपल्या ढोल-ताशा पथकांसारखं प्रकरण आहे का? सराव कधीपासून असतो, गणवेश कुणाचा, वर्गणी किती, भांडणं किती?

अवांतर: कानेवाला म्हणजे आमच्या पथकातला ताशा. ढोल कितीही असोत, हात ताशाकडे बघून पडतो. गंमत म्हणजे बाहेरचे सगळे ढोलांचेच फोटो काढतात.

---

टोकियोतला_टोणगा

@मधली_आळी, उत्तर देतो, कारण मी गेली तीन वर्षं एका रेनमध्ये आहे. तोकुशिमात नव्हे, टोकियोत कोएन्जीला.

कोएन्जीचा नाच तोकुशिमाचीच कलम आहे. १९५७ साली तिथल्या बाजारपेठेतल्या तरण्या पोरांनी सुरू केला. शेजारच्या आसागायाचा तानाबाता उत्सव जोरात चालू झाला होता, आपल्याकडे काहीच नाही, ही खरी पोटदुखी. (ओळखीचं वाटतंय ना? शेजारच्या मंडळाची मूर्ती मोठी!) खरी अवा ओदोरी कुणालाच येत नव्हती म्हणून नाव ठेवलं 'बाका ओदोरी', वेड्यांचा नाच. नंतर तोकुशिमाकरांकडून रीतसर शिकले आणि नाव बदललं. आता ऑगस्टच्या शेवटच्या शनिवार-रविवारी दहा हजारांच्या आसपास नाचणारे असतात.

इथे 'अहो'वर एक पुरवणी. ओसाका-कोबेकडे अहो म्हणजे लाडाने 'येडा' आणि बाका म्हटलं की झोंबतं. टोकियोत उलट. तेव्हा चिंचगूळताई, तुमच्या आईंनी कोएन्जीत हाक मारली असती तर आजी हसल्या नसत्या.

सराव बारमाही, पण कस लागतो तो मेपासून. महापालिकेची व्यायामशाळा तासावर भाड्याने घ्यायची किंवा बागेत जायचं. पहिले दोन महिने मला फक्त वाकून उभं केलं. हात नाही, पाय नाही, नुसतं वाकून उभं. तिसऱ्या दिवशी मला संडासात बसता येईना. (जपानी पद्धतीच्या. माफ करा, पण खरं तेच लिहितो.) ढोल वाजवायला पहिल्या वर्षी कुणाला देत नाहीत. गणवेश रेनचा, ताबी (अंगठा वेगळा असलेले मोजे) आणि गुडघ्याच्या पट्ट्या आपल्या.

भांडणं भरपूर, फक्त आवाज न चढवता. एकदा पुढच्या रांगेत कोण यावरून झालेली बैठक सव्वा तास चालली आणि तीत पाच वाक्यं बोलली गेली. बाकी सगळा वेळ 'हंऽऽ'.

जायचं असेल तर लक्षात ठेवा, शनिवार-रविवारी केशरी चुओ रॅपिड कोएन्जीला थांबत नाही. पिवळी सोबू लोकल पकडा. माझे मित्र पहिल्या वर्षी ओगिकुबोला जाऊन आले.

---

चिंचगूळ

@टोणगा, दंडवत. दोन महिने नुसतं वाकून! बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, "पाच मिनिटांत शिकवून सोडलं तेच बरं."

---

तळ्याकाठी

छान धागा. ओबोन हा शब्द संस्कृत 'उल्लंबन'वरून आला असं पूर्वापार सांगतात, म्हणजे उलटं टांगलेलं असणं, पितरांची यातना. ही व्युत्पत्ती सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, तेव्हा लगेच 'बघा सगळं आपलंच' म्हणून नाचायला नको. पण कथा नक्की आपल्याकडून गेलेली आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन (ज्याच्या अस्थी सांचीला सापडल्या तोच) आपल्या मेलेल्या आईला प्रेतयोनीत उपाशी तळमळताना बघतो. बुद्धाच्या सांगण्यावरून भिक्षूंना दान देतो, आई सुटते आणि त्या आनंदात तो नाचतो. बोन ओदोरीचं मूळ तिथे सांगतात.

आपला पितृपक्ष आठवून बघा. कुणी नाचलेलं पाहिलंय? आम्ही कावळ्याची वाट बघत गच्चीवर उभे. तिकडे काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, पितरांनी लवकर यावं म्हणून, आणि वांग्याची गाय, परत जाताना सावकाश जावं म्हणून. मला हे वांगं फार आवडलं.

---

नाणेघाट

गोड गोड चाललंय, थोडी चिंच पिळतो (धागाकर्तीचं नाव बघता हरकत नसावी).

तोकुशिमाचा उत्सव दहा लाखांच्या वर माणसं खेचत होता, तरी तो भरवणारी पर्यटन संस्था चाळीस कोटी येनच्या आसपास कर्जात बुडाली आणि २०१८ मध्ये दिवाळं निघालं. नव्या समितीने त्याच वर्षी रात्री शेवटी होणारा 'सो-ओदोरी', म्हणजे सगळ्या नामांकित रेननी एकत्र नाचायचा भाग, रद्द केला. का, तर सगळी गर्दी त्या एकाच मंचाची तिकिटं घेते आणि बाकीचे मंच रिकामे राहतात. रेनवाले ऐकतायत होय? त्यांनी मंच सोडून रस्त्यावर सो-ओदोरी केलाच. २०२३ मध्ये तर दोन लाख येनची खास आसनं काढली. लाखभर रुपयांच्या वर, एका खुर्चीचे! वेड्यांच्या नाचाला शहाण्यांचं तिकीट.

---

चिंचगूळ

@नाणेघाट, मान्य. आमची साधी तिकिटं होती, पण खरं सांगायचं तर पैसे दिलेल्या जागेवर मला नाच 'दाखवला' जातोय असं वाटलं. सगळं आखीव, एक गेला की दुसरा. मजा आली ती नंतर गल्लीबोळात. शटर ओढलेल्या बँकेसमोर एक रेन पाणी पीत उभं होतं, कुणीतरी उगाच काने वाजवली आणि पाच मिनिटांत तिथेच गोल झाला, पोशाखवाले, इस्त्रीच्या शर्टातले, लहान पोरं सगळे. तिथे तिकीट नाही आणि भिंतही नाही. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने एक भाग तिकिटाने बघावाच. पायांकडे नीट बघायला बसायला मिळतं. आणि आईबाबांच्या वयाला गर्दीत चार तास उभं राहणं शक्य नसतं.

---

गिरमिट

तुम्ही सगळे अवा ओदोरीवर खूश आहात तर मी दुसऱ्या पक्षातर्फे. गिफूतल्या डोंगरांत गुजो हाचिमान नावाचं छोटं गाव आहे. तिथे नाच जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, तीसेक रात्री. १३ ते १६ ऑगस्टला तर रात्रभर, उजाडेपर्यंत. तिथे मंच नाही, पथक नाही, प्रेक्षकच नाहीत म्हणा ना. चौकात एक लाकडी मनोरा, त्यात गाणारे-वाजवणारे, भोवती सगळा गाव आणि आलेले पाहुणे गोल फिरतात. निवाका-रेन वगैरे भानगडच नाही, कारण सगळेच निवाका.

दहा नाच आहेत. मला रात्री अकराला एकही येत नव्हता आणि तीनला चार येत होते. शिकवत कुणी नाही, पुढच्याचे हात बघायचे. माझ्या पुढे एक सत्तरीच्या बाई होत्या, त्या चुकल्या की मी चुकायचो, पण त्या चुकल्याच नाहीत. 'हारुकोमा' नावाचा घोड्याचा नाच आहे, तो लागला की पोरं उड्याच मारायला लागतात. गेता घासण्याचा आवाज हेच तिथलं तालवाद्य. मी उत्साहात नवीन गेता घेतल्या, अडीचला दोन्ही पायांना फोड, साडेतीनला अनवाणी.

चांगलं नाचणाऱ्याला तिथली जतन मंडळी गर्दीतून हेरून 'परवाना' देतात, बाहेरच्यांनासुद्धा. मला मिळाला नाही, विचारू नका.

आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत जपानचे ४१ लोकनाच एकत्र गेले, त्यात गुजो आहे. तुमची अवा ओदोरी नाही. (हे सांगायलाच एवढं लिहिलं.)

---

मडगावकार

तोकुशिमाचं नाव वाचून एक आठवलं. वेंसेस्लाव द मोराइस नावाचा पोर्तुगीज, आधी मकावमध्ये आरमारात, मग कोबेत पोर्तुगालचा वाणिज्यदूत. जपानी बायको वारल्यावर नोकरी सोडून १९१३ मध्ये तिच्या गावी तोकुशिमाला गेला आणि १९२९ ला मरेपर्यंत तिथेच राहिला. या नाचावर त्याने पोर्तुगीजमध्ये लिहिलंय. म्हणजे बाहेरून येऊन भान हरपलेला पहिला 'अहो' तो असावा. आमच्याकडे शिगम्याला रोमटामेळ निघतो तेव्हा असेच काही पाहुणे घुसतात, आणि दुसऱ्या दिवशी ढोलवाल्याच्या घरी निस्त्याक-शिताक (मासे-भात जेवायला) असतात.

---

साधी_वरणफळं

चिंचगूळ, २०२६ ला सासूबाईंना घेऊन जायचं मनात आहे. तीन प्रश्न. वादळाचं काय? सासूबाई जैन जेवतात, कांदालसूणही नाही, त्यांचं काय? आणि युकाता (सुती उन्हाळी किमोनो) घालूनच जावं लागतं का?

---

चिंचगूळ

वादळाचा भरवसा नाही. २०१९ ला शेवटचे दोन दिवस आणि २०२३ ला शेवटचा दिवस वादळाने गेला. म्हणून पहिल्या दोन दिवसांचं बघा, आणि रद्द करता येईल अशीच खोली घ्या, तीही ताकामात्सु किंवा कोबेत. ऐन उत्सवात रात्री जादा गाड्या सोडतात.

जेवण सोबतच न्या. उदोनच्या (जाड शेवयांच्या) रश्शात मासे उकळलेले असतात, नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. उमेबोशीच्या गोळ्याचं वेष्टन मात्र कुणाकडून तरी वाचून घ्या, कशाकशात माशाची पूड असते. काठीला टोचलेली गार काकडी मिळते, पण तीही कधी दाशीत (माशाच्या अर्कात) मुरवलेली असते, विचारून घ्या. फळं, बर्फाचा गोळा, रामुने चालेल. कचरा टाकायला डबे सापडत नाहीत, एक रिकामी पिशवी ठेवा.

युकाता अजिबात नको. बाबा चौकड्यांच्या शर्टात आणि कराडच्या चपलांत नाचले. पण चप्पल मागून पट्टा असलेली हवी. त्यांची एक मंचावर राहिली होती, ती मागच्या रेनमधल्या एका पोरीने नाचता नाचता उचलून आणली, हात खाली न घेता, बोटांत अडकवून.